गॉयडर रेषेवरची तीन दिवसांची सहल: पावसाची गोष्ट पूर्ण, मातीची अर्धी

दक्षिण ऑस्ट्रेलिया या प्रांताचा नकाशा समोर धरला, तर ॲडलेडच्या उत्तरेला गावांची नावे इतकी दाटीने छापलेली दिसतात की अक्षरांना जागा पुरत नाही, आणि अडीचशे-तीनशे किलोमीटर पुढे गेले की त्याच नकाशावर हाताचा पंजा ठेवला तरी त्याखाली एखादेच नाव सापडते. ही नावे नेमकी तिथेच का संपतात, हे जमिनीवर नेऊन दाखवण्याचे आश्वासन देणारी एक मार्गदर्शित सहल ॲडलेडहून निघते, आणि गेल्या सप्टेंबरात मी व माझी पत्नी तिला जाऊन आलो. तीन दिवस, दोन मुक्काम, बारा आसनांची बस, नऊ प्रवासी आणि माणशी १,१५० ऑस्ट्रेलियन डॉलर असा एकूण हिशेब होता. त्यात मुक्काम, नाश्ता आणि दुपारचे जेवण धरलेले होते, रात्रीचे जेवण ज्याचे त्याने पाहायचे होते. आयोजक संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि माझा रोख संस्थेवर नसून सहलीतून काय शिकायला मिळते आणि काय राहून जाते यावर आहे.

सहलीचा विषय म्हणजे जॉर्ज वुडरॉफ गॉयडर यांनी १८६५ साली आखलेली रेषा. गॉयडर हे त्या वेळी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचे भूमापन विभागप्रमुख होते. रेषेच्या दक्षिणेला पेरलेले उगवून हाती येण्याचा भरवसा धरता येतो, उत्तरेला तो धरता येत नाही, म्हणून तिथे फक्त जनावरे चारावीत, असा तिचा आजचा सरळ अर्थ आहे. हा विषय एका प्रांतापुरता वाटत असला, तरी संपूर्ण ऑस्ट्रेलियाची वस्ती समजून घ्यायची ती चांगली किल्ली आहे. सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरच्या या देशात दहापैकी आठांहून अधिक माणसे किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात, निम्म्याहून अधिक जमीन शेतीच्या खात्यावर असली तरी ती बहुतेक सगळी चराईची आहे, आणि प्रत्यक्ष पिकांखाली असलेली जमीन जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर तीन चतुर्थांशांहून अधिक लोक एकट्या ॲडलेडमध्ये राहतात. असे असताना ही सहल समुद्राकडे पाठ करून नेमकी त्या विरळ बाजूला जाते, ही तिची कल्पकता मला आवडली.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता बस निघाली. गॉलर ओलांडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू, जव आणि फुलावर आलेला पिवळा कॅनोला सुरू होतो, आणि टार्ली, सॅडलवर्थ, मनूरा अशी गावे पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतराने येत राहतात. हे अंतर योगायोगाने पडलेले नाही, हे मार्गदर्शकांनी बसमध्येच समजावून सांगितले. या वसाहतीत जमीन आधी मोजली जाई, ‘हंड्रेड’ नावाच्या विभागांत पाडली जाई आणि मगच विकली जाई. शेतकऱ्याची घोडागाडी धान्य घेऊन एका दिवसात जाऊन परत येऊ शकेल, अशा बेताने बाजाराची गावे उभी राहिली. जिथे जमिनीचा कस चांगला होता तिथे थोड्या एकरांवर एक कुटुंब जगू शकले, म्हणून शेते लहान, घरे जवळ आणि गावे दाट झाली. उत्तरेकडे सरकावे तसे तेच कुटुंब जगवायला अधिक जमीन लागते आणि गावे एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. खिडकीतून हे बदलणारे अंतर पाहणे हाच खरे तर या सहलीचा पहिला धडा आहे, आणि तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगला बसतो.

आमचे मार्गदर्शक आयुष्यभर शेतीसल्लागार म्हणून काम करून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सॅडलवर्थच्या पुढे एका शेताच्या बांधाशी बस थांबवून, मालकाची आधीच घेतलेली परवानगी आम्हाला दाखवून, त्यांनी फावड्याने गुडघाभर खड्डा काढला. वरची वीतभर माती तांबूस, भुसभुशीत आणि हाताला हलकी होती. तिच्या खाली रंग एकदम गडद लाल झाला आणि माती इतकी घट्ट लागली की फावडे ठणकले. आणखी खाली पांढरट चुन्याचे खडे दिसू लागले. प्रत्येकाच्या तळहातावर त्यांनी चिमूटभर माती दिली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि ती मळून अंगठा व तर्जनी यांच्यामधून फितीसारखी बाहेर काढायला सांगितली. वरच्या थराची फीत पेराएवढी होताच तुटली, खालच्या थराची मात्र बोटभर लांब झाली. मग खड्ड्याच्या तळातल्या खड्यावर त्यांनी आम्लाचा एक थेंब सोडला आणि तो फसफसला. ज्या मातीच्या जोरावर हा सगळा गव्हाचा पट्टा उभा राहिला, ती मृदाशास्त्रज्ञांच्या भाषेतली ही तांबूस-तपकिरी माती. वरचा थर पाऊस पटकन पिऊन घेतो आणि खालचा चिकण थर ती ओल धरून ठेवतो, त्यामुळे शेवटचा पाऊस लवकर आटोपला तरी दाणा भरायला थोडी ओल उरते. अर्ध्या तासाचा हा प्रसंग संपूर्ण सहलीतला सर्वांत मोलाचा होता, आणि माझी मुख्य तक्रारही इथूनच सुरू होते, कारण पुढच्या अडीच दिवसांत फावडे पुन्हा बाहेर निघाले नाही.

बर्रा येथे दुपारचे जेवण झाले. हे गाव शेतीने नव्हे तर तांब्याने वसवले. १८४५ ते १८७७ या काळात इथली खाण चालली आणि वसाहतीच्या तिजोरीला तिने मोठा आधार दिला. खनिज सापडले की माणूस मातीची पर्वा न करता वस्ती करतो आणि खनिज संपले की गाव जगवायला पुन्हा मातीच लागते, हे मार्गदर्शकांनी मोजक्या शब्दांत सांगितले. मुक्काम पीटरबरो येथे होता. ब्रोकन हिल या खाणीच्या गावातल्या धातुकाची वाहतूक आणि रेल्वेचा मोठा सांधा यांच्या जिवावर वाढलेल्या या गावाबद्दलही तेच म्हणता येईल, आणि ते तिथे फारसे न रेंगाळता म्हटले गेले, हे बरे झाले.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गॉयडर यांच्यावर तासाभराचे निवेदन झाले. १८६४-६५ च्या भीषण अवर्षणात उत्तरेकडचे मेंढपाळ बुडाले आणि त्यांनी सरकारकडे भाडेपट्ट्यांत सवलत मागितली. सवलत कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी, अवर्षणाचा तडाखा कुठपर्यंत बसला आहे त्याची सीमा आखून आणण्याचे काम गॉयडर यांच्याकडे आले. नोव्हेंबर १८६५ मध्ये ते घोड्यावरून निघाले, सुमारे ३,२०० किलोमीटर हिंडले आणि ६ डिसेंबरला त्यांनी अहवाल व नकाशा सादर केला. याचा अर्थ ही रेषा मुळात शेतकऱ्यांसाठी काढलेलीच नव्हती, ती मेंढपाळांच्या भाड्याच्या हिशेबातून जन्मली. नांगराची सीमा म्हणून तिचा उपयोग करण्याची बुद्धी सरकारला नंतर झाली. हा बारकावा बहुतेक ठिकाणी सुटतो, तो इथे सुटला नाही, याबद्दल मार्गदर्शकांना पूर्ण गुण द्यावे लागतील.

सहलीसोबत मिळणाऱ्या रंगीत पुस्तिकेला मात्र तेवढे गुण देता येत नाहीत. तिच्यातल्या नकाशात गॉयडर रेषा पट्टीने ओढल्यासारखी जवळजवळ सरळ दाखवली आहे आणि तिच्यावर ‘दहा इंच पावसाची रेषा’ असे छापले आहे. प्रत्यक्षात ती पश्चिमेला सेडूनाच्या बाजूने येते, आयर द्वीपकल्प तिरपे ओलांडते, स्पेन्सर आखाताच्या पूर्वेला मूंटाजवळून उत्तरेला क्रिस्टल ब्रुक व ओरोरूपर्यंत चढते आणि तिथून पीटरबरो व बर्राच्या बाजूने आग्नेयेला उतरत पिनारूजवळ व्हिक्टोरियाच्या सीमेला मिळते; म्हणजे मध्यभागी तिला मोठा उंचवटा आहे, आणि हा उंचवटा डोंगररांगांमुळे आहे. दुसरे असे की १८६५ साली त्या भागात पर्जन्यमापकांच्या नोंदी नावापुरत्याच होत्या. गॉयडर यांनी पाऊस मोजला नाही, त्यांनी झाडोरा वाचला. मॅली नावाची, एका बुंध्याऐवजी जमिनीतूनच अनेक खोडे फुटणारी निलगिरीची खुरटी जात जिथे संपते आणि सॉल्टबुशची करडी झुडपे जिथे सुरू होतात, तिथे त्यांनी सीमा धरली. वर्षाकाठी २५० ते ३०० मिलीमीटर पावसाशी ती बरीचशी जुळते, हे मागाहून लक्षात आले. पुस्तिकेने कार्यकारणच उलटे केले आहे, आणि ज्या सहलीचा विषयच ही रेषा आहे, तिच्या पुस्तिकेत ही चूक राहू नये.

गॉयडर यांच्या आयुष्यातली एक गोष्ट निवेदनात आली नाही, ती इथे नोंदवतो, कारण माझ्या मते ती या रेषेचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण आहे. १८५७ साली, भूमापन विभागात उपपदावर असताना, ते उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात गेले होते. नुकत्याच झालेल्या पावसाने सगळीकडे पाणी आणि हिरवळ पाहून त्यांनी इतका उत्साहवर्धक अहवाल पाठवला की वसाहतीत आनंदाचे भरते आले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे वरिष्ठ आर्थर फ्रीलिंग होडी बरोबर घेऊन तिथे पोहोचले, तेव्हा त्यांना चिखलाखेरीज काही सापडले नाही. एका चांगल्या हंगामाने फसवलेला माणूस आठ वर्षांनी सर्वांत वाईट हंगामात सीमा आखायला निघाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे रेषा इतकी सावधपणे का आखली गेली हे कळते.

दुसरा दिवस सर्वांत भरगच्च होता. ओरोरूच्या परिसरात रेषेची खूण सांगणाऱ्या फलकापाशी थांबून बस जुन्या रेल्वेमार्गाच्या बाजूबाजूने कॅरिटन, हॅमंड आणि ब्रूस अशी क्वॉर्नकडे वळली. फलकाच्या अलीकडे आणि पलीकडे शेतात एकाएकी काही फरक पडत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण छायाचित्रांवरून अनेकांची तशी अपेक्षा होते. फरक अर्ध्या तासाने जाणवतो: गव्हाची उंची गुडघ्यावरून पोटरीवर येते, मग शेतांत मोठमोठी रिकामी खांडे दिसू लागतात, मग कुंपणे विरळ होतात, आणि शेवटी करड्या-निळसर झुडपांखेरीज काही उरत नाही. मार्गदर्शकांनी सॉल्टबुशचे पान तोडून चावायला दिले. ते आधी नुसते जाडसर लागते आणि मग जिभेवर सरळ मीठ उतरते. मेंढी या पानावर जगते, पण तिला भरपूर पाणी आणि फिरायला भरपूर रान लागते, म्हणून इथे घरापासून घर दिसत नाही.

या पट्ट्याचा इतिहास मार्गदर्शकांनी फार चांगला सांगितला. १८६९ च्या कायद्याने शेतकऱ्याला उधारीवर ६४० एकरांपर्यंत जमीन घेता येऊ लागली, आणि १८७२ मध्ये गॉयडर रेषा ही या उधारीच्या विक्रीची उत्तर सीमा म्हणून कायद्यात आली. त्याच सुमारास पावसाची काही वर्षे अपवादात्मक चांगली गेली. रेषेपलीकडे उभे गवत पाहून जमिनीच्या मागणीचा जोर एवढा वाढला की १८७४ मध्ये संसदेने ती सीमाच उठवली. नांगर जाईल तिथे पाऊस मागोमाग येतो, अशी समजूत त्या काळी अनेकांची होती आणि वर्तमानपत्रांनीही ती उचलून धरली. क्वॉर्नजवळच्या विलोक्राच्या मैदानावर गहू पेरला गेला, काही वर्षे तो भरघोस आलाही, रेल्वे आली, आणि ॲडलेडचाच नमुना पुढे ठेवून मध्ये चौकटीत रस्ते, भोवती मोकळ्या उद्यानांचा पट्टा व त्याबाहेर उपनगरी भूखंड अशी गावेच्या गावे कागदावर आखली गेली. १८८० पासून हंगाम ओळीने बुडाले. लोक करार सोडून दक्षिणेला परतले, आणि ज्या रेषेची टिंगल झाली होती तिच्या मागे सगळ्यांना निमूटपणे जावे लागले.

हॅमंडमध्ये आम्ही तासभर उतरलो. रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मोजकी दगडी घरे उभी आहेत. आमच्या सोबतच्या एका वयस्कर बाईंच्या आजोबांची जमीन याच परिसरात होती. त्या एका पडक्या घराच्या भिंतीपाशी गेल्या, दगडांमधला चुना नखाने खरवडला आणि म्हणाल्या, “आजोबा सांगायचे, घर बांधायला दोन वर्षं लागली आणि सोडायला एक दुपार.” मार्गदर्शक त्या वेळी गप्प राहिले, हे मला त्यांच्या बोलण्याइतकेच आवडले. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या आहेत. ज्यांनी त्या बांधल्या, ते चार हंगामांचा विचार करून आलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी क्वॉर्नहून कन्याकाचे अवशेष पाहिले. ही वसाहत गहूवाल्यांच्याही आधीची, १८५० च्या दशकाच्या आरंभी ह्यू प्रोबी यांनी वसवलेली. प्रोबी १८५२ मध्येच विलोक्रा ओढ्याच्या अचानक आलेल्या पुरात वाहून गेले, पण त्यांच्यामागे हा पशुपालनाचा मळा इतका वाढला की भरभराटीच्या काळात तिथे ७० कुटुंबे राहत असत, असे सांगितले जाते. १८६० च्या दशकातल्या अवर्षणात हजारो मेंढ्या मेल्या आणि हळूहळू वस्ती उठली. लोकर कातरण्याच्या गोठ्याच्या लांबच लांब भिंती आजही उभ्या आहेत. पुरात मालक वाहून जावा आणि अवर्षणात कळप मरावा, हे एकाच मळ्याच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांत घडले. सरासरी पावसाचा आकडा या प्रदेशात किती कमी सांगतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? मार्गदर्शकांनी इथे पावसाच्या चंचलतेवर चांगले विवेचन केले, आणि एप्रिल ते ऑक्टोबर या पिकाच्या काळात पडलेला पाऊस व उन्हाळ्यातल्या वादळात एका दिवसात पडून वाहून गेलेला पाऊस यांची किंमत सारखी नसते, हेही सांगितले.

आता मातीविषयी. तीन दिवस ऐकून माणसाची अशी समजूत होते की ऑस्ट्रेलियात वस्ती कुठे व्हायची हे पावसाने ठरवले आणि गोष्ट तिथे संपली. ती समजूत चुकीची आहे, आणि चुकीची आहे हे दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण याच प्रांतात, ॲडलेडच्या आग्नेयेला, मेलबर्नकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. कीथ गावाभोवतीच्या प्रदेशाला पूर्वी ‘नव्वद मैलांचे वाळवंट’ म्हणत. तिथे वर्षाला ४५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे गॉयडर रेषेवरच्या कोणत्याही गावाला हेवा वाटावा इतका. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे वस्ती नावालाच होती. पाऊस होता, पण पांढुरक्या वाळूत स्फुरद (फॉस्फरस) नव्हते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तांबे आणि जस्त ही सूक्ष्म मूलद्रव्ये नव्हती. १९४० च्या दशकातल्या संशोधनातून हे निश्चित झाले की सुपरफॉस्फेटबरोबर एकरी काही पौंड तांब्याचे आणि जस्ताचे क्षार दिले की तीच वाळू क्लोव्हर आणि लसूणघास ही चाऱ्याची पिके पोसते. १९४९ पासून एएमपी सोसायटी या विमासंस्थेने तिथे जमीन विकसित करून शेतकऱ्यांना देण्याची मोठी योजना राबवली, आणि वाळवंट हे नाव जाऊन कूनलपिन डाउन्स हे नाव रुळले. आभाळातून एक थेंबही जास्त न पडता तिथे गावे भरली.

स्फुरदाची हीच गोष्ट रेषेच्या दक्षिणेकडच्या उत्तम जमिनीलाही लागू आहे. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी आहे. हिमनद्यांनी किंवा ज्वालामुखींनी ती अलीकडच्या काळात नव्याने भरून दिली, असे फार थोड्या ठिकाणी घडले आहे. लागोपाठ गहू घेत गेल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रांतातले उत्पादन खालावत होते, आणि ते सावरले ते सुपरफॉस्फेटने, ज्याचा आग्रह १८८३ साली सुरू झालेल्या रोजवर्दी कृषी महाविद्यालयातून विल्यम लाउरी यांनी धरला. गॉलरच्या पुढे आमची बस रोजवर्दी गावातूनच गेली आणि मार्गदर्शकांनी खिडकीतून बोट दाखवण्यापलीकडे काही केले नाही. मॅलीच्या रानाचेही तसेच झाले. मॅलीचे बुंधे तोडले तरी जमिनीखालची गाठ राहते आणि तिच्यावर आपटून नांगराचा फाळ मोडतो. १८७६ मध्ये स्मिथ बंधूंनी, अडथळा येताच उचलला जाऊन पलीकडे पुन्हा रुतणारा नांगर तयार केला, तेव्हा कुठे ती चुनखडीची जमीन मोठ्या प्रमाणावर लागवडीला आली. पाऊस तोच, माती तीच, अवजार बदलले आणि वस्तीची सीमा हलली. हा धागा सहलीत आला असता, तर पहिल्या दिवशीचा तो खड्डा एकटा पडला नसता.

मी हे परतीच्या वाटेवर मार्गदर्शकांना बोलून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण लोकांना पडकी घरं बघायची असतात. जस्ताच्या कमतरतेचा फोटो काढता येत नाही.” उत्तर प्रामाणिक होते. पण ज्या गृहस्थांनी चार थेंब पाण्यात मातीची फीत काढून नऊ जणांना गप्प केले, त्यांना जस्ताची गोष्ट रंगवून सांगता येणार नाही, यावर माझा विश्वास नाही. रेषेच्या उत्तरेला विलोक्राच्या मैदानावर जरी फावडे एकदा मारले असते, तरी पाऊस थोडा जास्त पडला असता तर इथे गहू टिकला असता का, या प्रश्नाचे उत्तर आमच्या हातात आले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ही जमीन मोजण्याआधी मोकळी नव्हती. बर्रा-पीटरबरोचा टापू नगाजुरी लोकांचा, आणि कन्याका जिथे आहे त्या फ्लिंडर्स डोंगररांगा अद्न्यामथान्हा लोकांच्या. या लोकांना कुठे पाणी टिकते आणि कुठे नाही हे गॉयडर यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते, आणि पहिल्या पशुपालकांच्या वसाहती बहुधा त्याच पाणवठ्यांवर बसल्या. सहलीत याला बसच्या ध्वनिवर्धकावरून दोन वाक्ये मिळाली. वस्ती का बसली हे शिकवणाऱ्या सहलीने वस्ती कुणाला उठवून बसली हेही सांगायला हवे, आणि त्यासाठी त्या समाजातल्याच माणसाला मानधन देऊन बोलावणे, माणशी १,१५० डॉलर घेणाऱ्या संस्थेला अवघड नसावे.

तिसरी तक्रार साधी ग्राहकाची आहे. नोंदणी करताना जे मोठे छायाचित्र दाखवले जाते ते फरीनाच्या अवशेषांचे आहे. फरीना म्हणजे लॅटिन भाषेत पीठ. गव्हाची राजधानी होईल या आशेने १८७८ मध्ये हे नाव दिले गेले, चारशेहून अधिक भूखंड आखले गेले, आणि आज तिथे भग्न भिंती व हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक चालवतात ती जमिनीखालची बेकरी एवढेच आहे. या विषयासाठी याहून बोलके ठिकाण नाही. पण सहल कन्याकाच्या पुढच्या हॉकर गावाहून मागे फिरते आणि फरीना तिथून आणखी दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव नव्हते हे खरे, पण छायाचित्र पाहून नऊपैकी चार जणांनी तेच गृहीत धरले होते.

बाकी व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बस स्वच्छ होती, मुक्कामाच्या दोन्ही जागा साध्या पण ऊबदार होत्या, दुपारचे जेवण म्हणजे तिन्ही दिवस सँडविच आणि फळे, आणि शाकाहारी असल्याचे आधी कळवूनही पहिल्या दिवशी आमच्या वाट्याला चीज-टोमॅटोपलीकडे काही आले नाही. चालणे फारसे नाही, मात्र कन्याकाला जमीन खडबडीत असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी न्यावी. माश्यांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी अवश्य न्यावी. सप्टेंबरातच त्या इतक्या होत्या की मातीची फीत काढताना एका हाताने त्या हाकलाव्या लागत होत्या. सप्टेंबर हाच महिना योग्य आहे, कारण पीक उभे असताना त्याची कमी होत जाणारी उंची दिसते. कापणीनंतर, डिसेंबर-जानेवारीत गेलात तर रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच पिवळे रान दिसेल.

पाचपैकी साडेतीन गुण मी देतो, आणि ते बहुतेक मार्गदर्शकांचे आहेत. नुसते फिरायला जाणाऱ्यांना क्वॉर्नहून सुटणारी वाफेच्या इंजिनाची पिची रिची रेल्वे अधिक आनंद देईल, पण नकाशा पाहून प्रश्न पडणाऱ्या माणसाने हे तीन दिवस जरूर घालवावेत. कीथच्या बाजूची एक दिवसाची फेरी आणि आणखी दोन खड्डे जोडले, तर याच किमतीत मी पुन्हा यायला तयार आहे, असे अभिप्रायाच्या अर्जावर लिहून दिले आहे. त्यावर संस्थेकडून विचार करू असे कळवण्यात आले; फरीनाच्या छायाचित्राबद्दल मात्र अजून उत्तर आलेले नाही.